ग्रेट सर्कल मॅपर : तिकिटाच्या आधी अंतर बघायचं ठिकाण

विमानाचं तिकीट काढायला बसलो की मी भाडं शेवटी बघतो. वेळ त्याच्या आधी, आणि सगळ्यात आधी किलोमीटर. ही सवय रेल्वेची आहे. पश्चिम रेल्वेच्या बडोदा विभागात, प्रतापनगरच्या कंट्रोलमध्ये सेक्शन कंट्रोलर म्हणून नोकरी झाली. तिथे गाडी कुठल्या किलोमीटरवर आहे हे एकदा कळलं की बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात : पुढच्या स्टेशनला कधी लागेल, मालगाडी लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर घ्यायची की मेन लाइनवरूनच काढायची, मागची किती वेळ थोपवायची. अंतर पक्कं नसेल तर वेळेवर बोलण्यात अर्थ नाही.

विमानाच्या तिकिटांचं नेमकं उलटं चालतं. कुठलंही अ‍ॅप उघडा, भाडं ठळक अक्षरांत, एकूण तास त्याखाली आणि अंतर कुठेच नाही. तीन हजार किलोमीटर उलट दिशेला नेऊन परत आणलं तरी प्रवाशाला पत्ता लागत नाही, कारण पडद्यावर सगळे प्रवास एकाच लांबीच्या रेघेनं दाखवलेले असतात. म्हणून ही ग्रेट सर्कल मॅपर नावाची, गोल पृथ्वीवर दोन विमानतळांमधली सगळ्यात जवळची वाट आणि तिचं अंतर काढून देणारी साइट मला इतकी महत्त्वाची वाटते, आणि ज्यांची मुलं परदेशात आहेत त्या सगळ्यांनी ती वापरावी असं मनापासून वाटतं.

साइट फुकट आहे. दिसायला जुनी, साधी. वर एक चौकोन असतो, त्यात विमानतळांची तीन अक्षरी कोडं मध्ये आडवी रेघ देऊन टाकायची. आपल्या बडोद्याच्या, म्हणजे हरणीच्या विमानतळाचं कोड बीडीक्यू, अहमदाबादचं एएमडी, मुंबईचं बीओएम. कोड माहीत नसेल तर गावाच्या नावानं शोधता येतं. बटण दाबलं की खाली नकाशावर रेघ उमटते आणि तक्त्यात अंतर व सुरुवातीची दिशा येते. अंतर सुरुवातीला मैलांत दिसतं, ते किलोमीटर करून घ्यायचं. स्वल्पविराम देऊन चार-पाच मार्ग एकदम टाकता येतात, सगळे एकाच नकाशावर दिसतात आणि प्रत्येकाची बेरीज वेगळी मिळते. मला ही सोय सगळ्यात मोलाची वाटते.

कुठलंही नवं माप हातात आलं की ते आधी ओळखीच्या सेक्शनवर लावून बघावं. मी बडोदा–मुंबई टाकलं. उत्तर आलं सुमारे 360 किलोमीटर. मुंबई सेंट्रलपासून बडोदा रुळानं 392 किलोमीटर आहे हे मला झोपेतही सांगता येईल. म्हणजे विमानतळ ते विमानतळ सरळ रेघ आणि किनाऱ्यालगत भरूच, सुरत, वलसाड करत जाणारा रूळ यांत तीसेक किलोमीटरचाच फरक. आपली मेन लाइन किती सरळ टाकलेली आहे ते बघून बरं वाटलं, आणि साइटवर विश्वास बसला तोही तिथेच.

आता मुद्द्याचं. आमची लेक मेलबर्नला असते. बडोदा–मेलबर्न टाकलं तर अंतर येतं जवळजवळ 10,000 किलोमीटर. हा आकडा बघून मी थोडा वेळ तसाच बसलो. 1790 च्या दशकात फ्रान्समध्ये मीटर ठरवला तेव्हा विषुववृत्तापासून उत्तर ध्रुवापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर, असं ठरलं होतं. म्हणजे विषुववृत्त ते ध्रुव 10,000 किलोमीटर, पृथ्वीच्या घेराचा चौथा हिस्सा. हरणीपासून मेलबर्नच्या विमानतळापर्यंत बरोबर तेवढंच. लेक किती लांब आहे हे इतक्या वर्षांत मला असं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

तिकीट विकणाऱ्या एका अ‍ॅपनं आम्हाला ‘सर्वोत्तम’ म्हणून जो प्रवास वर दाखवला, तो अहमदाबादहून दुबई आणि तिथून मेलबर्न असा होता. आग्नेयेला जायचंय आणि सुरुवात पश्चिमेकडून! मी तिन्ही मार्ग एकदम टाकले. अहमदाबाद–मेलबर्न सरळ रेघ सुमारे 10,100. सिंगापूरमार्गे अहमदाबाद–सिंगापूर सुमारे 4,150 आणि सिंगापूर–मेलबर्न सुमारे 6,030, बेरीज 10,180. दुबईमार्गे 1,770 अधिक 11,640, बेरीज 13,400 च्या वर. पहिल्या वळशाला शंभर किलोमीटरही लागत नाहीत आणि दुसऱ्याला 3,300. हा शुद्ध द्राविडी प्राणायाम. 3,300 किलोमीटर म्हणजे जेटच्या वेगानं जवळजवळ चार तास, तेही हवेत बसून.

यात एक गंमत आहे, ती नकाशा बघितल्याशिवाय पटत नाही. सिंगापूर काही त्या सरळ रेघेवर नाही. रेघ सिंगापूरच्या नैर्ऋत्येकडून, सहाशे-सातशे किलोमीटर अंतरावरून जाते. इतकं बाजूला असूनही वाढ फक्त सत्तर-ऐंशी किलोमीटरची, कारण दोन्ही टप्पे लांबलचक आहेत आणि वळण अगदी पसरट आहे. त्यामुळे थांबा रेघेच्या किती जवळ आहे एवढंच बघून भागत नाही, दोन्ही टप्पे टाकून बेरीज करावी लागते, आणि ती ही साइट एका क्षणात करून देते.

बेरजेइतकीच वाटणीही बघावी, आणि आमच्या घरी तर निर्णय त्यावरच झाला. हिच्या गुडघ्यांना सलग बसणं सोसत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय की चार तासांहून जास्त एका जागी बसायचं झालं तर मधूनमधून उठून चालायचंच, पायांत रक्त साकळू द्यायचं नाही. दुबईच्या वाटेवर पहिला टप्पा तीन-सव्वातीन तासांचा आणि दुसरा एकदम साडेतेरा-चौदा तासांचा. सिंगापूरच्या वाटेवर साडेपाच आणि साडेसात. मध्ये विमानतळावर चालायला मिळतं. मधुमेह असलेल्यांना जेवण आणि इन्सुलिनच्या वेळाही अशा वाटणीत बऱ्या सांभाळता येतात. तिकिटाच्या पडद्यावर दोन्हीकडे ‘1 स्टॉप’ एवढंच लिहिलेलं होतं.

किलोमीटरवरून तास काढायची माझी रीत साधी आहे. अंतराला 850 नं भागायचं आणि अर्धा तास मिळवायचा. जेट वर पोचल्यावर ताशी 900 च्या आसपास धावतं, पण चढण्या-उतरण्यात वेग कमी असतो, आणि तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. रनवेपर्यंत सरपटत जाणं, रांगेत थांबणं, सगळं त्यात आलं. आमच्या वेळापत्रकात मेक-अप टाइम, म्हणजे उशीर भरून काढायला ठेवलेला जादा वेळ असायचा, तशी यांचीही थोडी सैल जागा ठेवलेली असते. 4,150 ला या हिशोबानं पाच तास पंचवीस मिनिटं येतात, 6,030 ला साडेसातच्या थोडं वर. तिकिटाशी ताडून बघा, दहा-पंधरा मिनिटांच्या फरकानं जुळतं. मुंबईसारख्या छोट्या पल्ल्याला ही रीत लावू नका, तिथे विमान धड वर पोचायच्या आत उतरायला लागतं. साइटवर अंतर काढायच्या पानावर वेगाचा रकाना आहे, त्यात वेग भरला तर वेळही मांडून मिळते. मला मात्र कागदावर करायला आवडतं.

कागद म्हणजे आलेखाचाच. कंट्रोलमध्ये चार्ट असायचा : आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. रेघ उभट झाली तर गाडी पळतेय, आडवी झाली तर कुठेतरी उभी आहे. मी लेकीकडच्या प्रवासाचे चार्ट तसेच काढतो. उभ्या बाजूला खाली बडोदा, मग अहमदाबाद, वर सिंगापूर, सगळ्यात वर मेलबर्न, साइटवरून घेतलेल्या किलोमीटरच्या मापानं. आडव्या बाजूला सगळी घड्याळं भारतीय वेळेची. ही अट महत्त्वाची आहे, कारण तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची छापलेली असते. सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास. मेलबर्न साडेचार तास, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेपाच, कारण उन्हाळ्यात तिथे घड्याळ तासभर पुढे करतात. नुसत्या सुटायच्या-पोचायच्या वेळा बघून जाताना प्रवास फार लांब वाटतो आणि येताना फार थोडा. एका घड्याळावर आणलं की खरा आकार दिसतो. चार्टवर सुरुवातीचा बडोदा–अहमदाबाद तुकडा अगदी आडवा पडतो : एक्स्प्रेसवे 93 किलोमीटरचा, पण घरून निघणं, गाडीत सामान, विमानतळावर तीन तास आधी हजेरी. हे तास कुठलंही अ‍ॅप मोजत नाही, पण म्हातारा माणूस ते मोजतोच.

शेजारच्या वहिनींचा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोकडे असतो. आमची सिंगापूरची वाट ऐकून त्यांनीही तीच घ्यायची ठरवली होती. मी त्यांना घरी बोलावून साइट उघडून दाखवली. अहमदाबाद–सॅन फ्रान्सिस्को सरळ रेघ सुमारे 13,100. सिंगापूरमार्गे 17,700 च्या वर. लंडनमार्गे साडेपंधरा हजार. दुबईमार्गे 14,800. आणि दिल्लीमार्गे? 13,150 च्या आत. म्हणजे दिल्लीला गेल्यानं वाट जवळजवळ वाढतच नाही, आणि दिल्लीचं विमान तर आपल्या हरणीवरूनच मिळतं, अहमदाबादला जायचंही कारण नाही. जी दुबई मेलबर्नला जाताना नुकसानीची, ती अमेरिकेला जाताना चालण्यासारखी, आणि आमचं लाडकं सिंगापूर त्यांच्यासाठी सगळ्यात वाईट. चांगला थांबा, वाईट थांबा असं काही नसतं, जायचंय कुठे त्यावर सगळं आहे.

पण वहिनींची सूनबाई रेघेकडे बघून म्हणाली, “काका, अमेरिका पश्चिमेला ना? मग ही रेघ अमृतसरकडे कशाला निघालीय?”

प्रश्न रास्त होता. रेघ अहमदाबादहून जवळजवळ उत्तरेलाच, किंचित पूर्वेकडे कलून निघते. राजस्थान ओलांडून अमृतसरच्या जवळून, मग जम्मू-काश्मीर, काराकोरममध्ये थेट के-टू शिखराच्या आसपासून, पुढे कझाकस्तानचा पूर्व भाग, सैबेरिया, आर्क्टिक महासागरात 77 अंश उत्तरेच्याही वर, आणि मग अलास्कावरून खाली कॅलिफोर्नियात. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हे वेड्यासारखं दिसतं, कारण तो नकाशा ध्रुवाकडचा भाग ओढून-ताणून रुंद करतो. त्यावर ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. घरात पृथ्वीगोल असेल तर अहमदाबादवर आणि सॅन फ्रान्सिस्कोवर बोट ठेवून मध्ये दोरा ताणा. दोरा स्वतःच वर उत्तरेला सरकतो. सूनबाईनं मुलाच्या गोलावर ते करून बघितलं आणि मग तिनंच सासूला समजावून सांगितलं.

आता साइटच्या मर्यादा. ती सगळ्यात जवळची वाट दाखवते. विमान त्या वाटेनं जाईलच असं नाही, आणि हे नीट समजून घेतलं नाही तर माणूस विनाकारण विमान कंपनीशी भांडेल.

पहिली गोष्ट वारा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, म्हणून पूर्वेला जाणारं विमान लवकर पोचतं आणि परतणारं रखडतं. मेलबर्नहून सिंगापूरला येताना जाण्यापेक्षा अर्धा तास तरी जास्त धरावा. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अटलांटिकची वाट सुमारे 13,900 किलोमीटर, पॅसिफिकची 15,300. चौदाशे किलोमीटर जास्त जाऊनही पाठीवर वारा घेऊन ते साडेचौदा तासांत पोचलं, आधीच्या वाटेपेक्षा लवकर. मी रेल्वेचा माणूस, आमच्याकडे लांबची वाट धरून लवकर पोचायचा प्रसंग क्वचितच येतो, म्हणून ही गोष्ट मला फार आवडते. साइटवर दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सरळ रेघ 12,400 च्या आसपास दिसते आणि या दोन्ही वाटा तिच्याहून लांब आहेत.

दुसरी गोष्ट डोंगर. हिमालय आणि तिबेटचं पठार विमानं शक्यतो टाळून जातात. आतला हवेचा दाब गेला तर विमानाला झपाट्यानं 10,000 फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथे जमीनच त्याहून उंच आहे. प्रवाशांच्या डोक्यावरच्या मुखवट्यांतला ऑक्सिजन काही मिनिटांचाच असतो. के-टूवरून जाणारी ती सुंदर रेघ त्यामुळे नकाशावरच राहते.

तिसरी गोष्ट माणसांनी बंद केलेलं आकाश. फेब्रुवारी 2022 नंतर रशियानं युरोपच्या आणि अमेरिकेच्या बऱ्याच कंपन्यांना आपल्यावरून उडायला बंदी केली. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आकाश बंद केलं, आपणही त्यांना केलं. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना त्यामुळे गुजरातकडे खाली येऊन अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागू लागला. एकाच दोन गावांमधली दोन कंपन्यांची वेळ तासा-दोन तासांनी वेगळी दिसली तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. अशा वेळी साइटवर मधलं एखादं गाव घालून वळशाचं अंतर स्वतः काढता येतं. आमच्या सेक्शनवर एक ब्लॉक लागला, म्हणजे काही वेळ रूळ बंद ठेवला, की सगळ्या गाड्यांचे चार्ट बदलायचे, तसंच हे, आणि ही साइट ब्लॉक दाखवत नाही.

बाकी भाषा फक्त इंग्रजी आहे. ज्यांना इंग्रजी वाचायची सवय नाही त्यांना सुरुवातीला नातवंड शेजारी बसवावं लागेल, पण एकदा कोडं कळली की वाचायला आकड्यांशिवाय काही उरत नाही. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळातल्या दोन-तीन जणांना शिकवलं, त्यांना मराठी माध्यमाची अडचण आली नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण राखून ठेवला आहे तो वाऱ्यासाठी. दर महिन्याच्या सरासरी वाऱ्यानं जाताना-येताना किती फरक पडतो तेवढं जरी त्यांनी तक्त्यात दिलं, तरी आमच्यासारख्यांचं मोठं काम होईल.

वापरणाऱ्यांसाठी एवढंच : मोबाइल आडवा धरा, नाहीतर नकाशा फार बारीक दिसतो. एकक किलोमीटर करा. पहिल्या ओळीत थेट रेघ टाका, मग अ‍ॅपनं सुचवलेले सगळे थांबे एकेक करून टाका. बेरीज थेट रेघेपेक्षा दहा टक्क्यांच्या आत असेल तर भाड्यावर खुशाल विचार करा. पंचवीस टक्क्यांच्या वर गेली तर घरातल्या म्हाताऱ्यांना त्या विमानात बसवू नका, तिकीट कितीही स्वस्त असो. आणि प्रत्येक टप्पा वेगळा लिहून त्यातला सगळ्यात लांब टप्पा किती तासांचा आहे ते सांगून, झेपेल का हे ज्यांना बसायचंय त्यांना आधी विचारा.